उरलेले मोजणारे सर

वणीतले मेडिकलवाले दोन तऱ्हेच्या गिऱ्हाइकांना टरकून असतात. एक उधारीवाले, दुसरे आमचे सर. उधारीवाला निदान गोड बोलतो. सर रोख देतात, पण देण्याआधी सॅनिटायझरची बाटली उलटी करतात, चष्मा कपाळावर चढवतात, खिशातलं भिंग काढतात आणि कंपनीने कुणी वाचू नये म्हणूनच छापलेला मजकूर पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतात. मागे रांग लागते. तापाची गोळी न्यायला आलेल्याचा ताप रांगेतच उतरायची वेळ येते. शेवटी दुकानदार काकुळतीला येतो. "घेऊन जा ना जी सर, चांगलं हाय. चोवीस तास टिकते म्हणे."

"कोण म्हणे?"

"कंपनी, सर."

"कशावर चोवीस तास?"

"हातावर."

"अन् मी मधात हात धुतले तं?"

दुकानदार गप्प.

"म्हणजे चोवीस तास हात धुवायचे नाही. मग जेवायचं कसं?"

"सर, मी काय जंतू मोजाले बसलो काय इथे?"

"तू नाही. पण कोणीतरी बसलं पाहिजे ना बाबू!"

हे 'कोणीतरी' म्हणजे अर्थात सर. आयुष्यभर त्यांनी मायक्रोबायोलॉजी शिकवली आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले ते प्रयोगशाळेतल्या सगळ्या सवयी बरोबर घेऊनच. पोळ्यांचा डबा ते पूर्ण उघडत नाहीत. झाकण एका बाजूने बोटभर उचलतात आणि त्या फटीतून पोळी ओढून काढतात. हवेतलं काही आत पडू नये म्हणून जंतू वाढवायची बशी, म्हणजे पेट्री डिश, तशीच उघडायची असते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, वैतागतात. "पोळी हाय ते. उडून नाही जात."

घरातल्या प्रत्येक बरणीवर काचेवर लिहायच्या पेन्सिलीने तारीख आणि मजकूर लिहिलेला असतो, पण तो झाकणावर नाही, बुडाला. कारण झाकणं बदलतात, बूड बदलत नाही. प्रयोगशाळेत हा नियम बरोबरच आहे. स्वयंपाकघरात त्याचा परिणाम असा, की हळद कुठली आणि धनेपूड कुठली हे बघायला काकूंना बरणी डोक्यावर धरून खालून वाचावं लागतं. लोणच्याच्या बरणीच्या बुडाशी मी स्वतः वाचलंय: 'बॅच दुसरी. मीठ कमी. निरीक्षणाखाली.'

असा माणूस तुमच्याही घरात असणार. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप मागणारा काका, दूधवाल्याच्या तोंडावर लॅक्टोमीटर बुडवणारा आजोबा, लग्नाच्या हॉलवाल्याने सांगितलेल्या पाचशे खुर्च्या खरोखर मोजणारा मामा, हे सगळे सरांचे भाऊबंद. लोक त्यांना संशयी म्हणतात, पण ते खरं नाही. संशयी माणूस ऐकतो आणि विश्वास ठेवत नाही. सर विश्वास ठेवायला एका पायावर तयार असतात. त्यांचं एवढंच म्हणणं, की आधी दाखवा.

त्यांचा आवडता प्रश्न एकच: "कंट्रोल ठेवलं होतं का?" म्हणजे, तुलनेला ती गोष्ट न केलेलं कुणी होतं का?

शेजारच्या भाऊंनी सांगितलं, की कोरोनाच्या दोन वर्षांत मी रोज काढा प्यालो, मला काही झालं नाही. सर म्हणाले, "अन् तुमच्या घरी काढा कोणी नाही घेतला?" भाऊ म्हणाले, "पोरानं नाही घेतला. त्याले कडू लागते." "त्याले काय झालं?" "काही नाही." सर काही बोलले नाहीत, फक्त हसले. भाऊंनी नंतर आठवडाभर सरांकडचं वर्तमानपत्र मागितलं नाही.

दुसरा त्यांचा मंत्र नव्व्याण्णवाचा. '९९.९ टक्के जंतू मारतो' असं छापलेलं दिसलं, की सर समोरच्याला खाली बसवतात. "हे बघ. हातावर दहा लाख होते असं धर. नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के गेले. उरले किती?" समोरचा आकडेमोड करतो. "हजार." "हं. अन् चांगलं खायला मिळालं तं ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होते. हजाराचे दोन हजार, दोनाचे चार. दहा वेळा दुप्पट झाले की परत दहा लाख. किती वेळ लागला? तीन तास वीस मिनिटं. तुझे चोवीस तास कुठे गेले?" आणि मग ते ठेवणीतलं वाक्य, प्रत्येक शब्दावर टेबल वाजवत: "गेलेले मोजू नका. उरलेले मोजा."

वणीत हे वाक्य आता म्हणीसारखं चालतं. नगर परिषदेच्या निवडणुकीत एका उमेदवाराने सोबतचे किती फुटले ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, उरलेले मोजा!"

सर खरे रंगात आले ते आमच्या कॉलनीत फवारणीवाला आला तेव्हा. कोरोनाची लाट ओसरली होती, पण भीती ओसरली नव्हती. एक टापटीप पोरगा गळ्यात टाय बांधून आला. म्हणाला, हे आमचं कोटिंग एकदा मारलं की दाराची कडी, जिन्याचा कठडा, लिफ्टचं बटण, सगळं तीन महिने सुरक्षित. आमच्याकडे लिफ्ट नाही हे कुणी त्याला सांगितलं नाही. त्याच्याकडे एक छोटं यंत्र होतं. कठड्यावरून काडी फिरवली, यंत्रात घातली, मोठा आकडा आला. मग फवारलं, फडक्याने पुसलं, पुन्हा काडी फिरवली. आकडा एकदम खाली. बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

सर मागून पुढे आले. "हे यंत्र काय मोजते?"

"जंतू, सर."

"नाही. हे एटीपी मोजते. जिवंत पेशीत असते ते. तुमच्या जेवणाच्या डागात पण असते. काजव्यात जे द्रव्य उजेड पाडते ना, ते घालून हे यंत्र उजेड मोजते. तुम्ही कठडा पुसला, डाग गेला, आकडा उतरला. नुसत्या ओल्या फडक्यानं पुसला असता तरी उतरला असता. आता एक काम करा. उद्या सकाळी शाळेची पोरं या कठड्यावरून घसरतील. मग मोजा."

पोरगा म्हणाला, "सर, आमच्याकडे लॅब रिपोर्ट आहे."

हे ऐकल्यावर सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मुलीच्या लग्नातही पसरला नव्हता. रिपोर्ट त्यांनी तिथेच वाचला, उभ्या उभ्या, भिंगातून. मग त्या पोराला घरात नेलं, खुर्ची दिली, काकूंना चहा टाकायला सांगितलं आणि शिकवायला घेतलं.

रिपोर्ट जपानी पद्धतीचा होता. या पद्धतीत कोटिंग मारलेला तुकडा आणि न मारलेला तुकडा असे दोन ठेवतात. दोघांवर सारखेच जंतू टाकतात, वरून पातळ प्लास्टिक घालतात आणि पस्तीस डिग्रीवर, भरपूर ओलीत, चोवीस तास ठेवतात. मग दोन्हींवर उरलेले मोजतात. "पद्धत चांगली आहे," सर म्हणाले. "कंट्रोल आहे. मला मान्य. पण बाबू, वणीचा मे महिना तू पाहिला? इथे जिन्याच्या कठड्यावर ओल कुठली अन् पस्तीस डिग्री कुठली? पंचेचाळीसमध्ये कठडा भट्टीसारखा तापते. ते प्लास्टिक काढ, ओल काढ, मग सांग."

मग त्यांनी त्याला अमेरिकेतली पद्धत सांगितली. तिथे 'टिकते' असं म्हणायचं असेल, तर कोटिंग वाळवून वजन लावलेल्या फडक्याने घासतात. एकदा कोरडं, एकदा ओलं. मधेमधे नवे जंतू टाकतात, पुन्हा घासतात. चोवीस तास असा छळ झाल्यावर शेवटी ताजे जंतू टाकतात आणि पाच मिनिटांत ९९.९ टक्के गेले तरच पास. "टिकणं म्हणजे काय? पहिल्या दिवशी मारणं नव्हे. घासल्यावर मारणं."

पोरगा आता मन लावून ऐकत होता. सरांनी शेवटचा दाखला काढला. "आपल्या रंगनाथ स्वामीच्या यात्रेत बैल कसा घेतात? मालक म्हणते लय चांगला, म्हणून पैसे मोजतात का? तोंड उघडून दात पाहतात, खुर पाहतात, जुंपून चार पावलं चालवतात. बैलाले जुंपून पाहता, मग बाटलीले काऊन नाही?"

चहा झाला. सरांनी त्याला न्यूट्रलायझरबद्दलही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय सर कुणाला उठू देत नाहीत. हातावर औषध आणि जंतू दोन्ही एकत्र असतात. ते तसेच प्लेटवर टाकले तर औषध प्लेटवरही जंतू मारत राहतं आणि आपण म्हणतो, बघा, तीस सेकंदांत मेले! म्हणून आधी लेसिथिन, ट्वीन असलं काही घालून औषधाला थांबवायचं, मग मोजायचं. हे त्यांनी आयुष्यालाही लावून टाकलंय. कॉलनीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडण जुंपलं, की सर मधे हात घालतात. "आधी न्यूट्रलाइझ करा. मग मोजा कोणाची चूक." भांडणारे दोघंही त्यांच्यावर चिडतात, आणि आपापसातलं भांडण तिथेच विरतं.

जाताना पोराने वाकून नमस्कार केला. तीन महिन्यांचं कोटिंग कॉलनीने घेतलं नाही. सरांनी मात्र त्याला दाराशी अडवून सांगितलं, "टिकणारं काही नसते असं मी नाही म्हणत. क्लोरहेक्सिडिन त्वचेले धरून राहते, म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टर वापरतात. अल्कोहोल उडून जाते, त्याचं काम तेवढंच. फक्त कशावर, किती वेळ, किती घासल्यावर, एवढं छापा. मी स्वतः घेईन दोन बाटल्या."

काकूंचा या सगळ्या शास्त्राशी संबंध चायना ग्रासपुरता. चायना ग्रास म्हणजे अगार, म्हणजेच प्लेटमधली ती थरथरणारी जेली. लग्न नवीन असताना काकूंनी एकदा दुधाचं पुडिंग केलं. सर वाटी नाकाशी धरून म्हणाले, "माध्यम छान जमलंय." काकूंनी ते अजून विसरलेलं नाही. पण सर खुशीत असले की सांगतात, ही अगारची युक्ती प्रयोगशाळेला एका गृहिणीने दिली. १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉखकडे काम करणाऱ्या वाल्टर हेस्सेची जिलेटिनची प्लेट उन्हाळ्यात वितळून जायची. त्याची बायको फॅनी हेस्से घरी जेलीत अगार घालायची. ती म्हणाली, हे घालून बघा. सदतीस डिग्रीलाही वितळलं नाही. मग १८८७ मध्ये कॉखच्याच सहायकाने, पेट्रीने, झाकणाची ती बशी काढली. "म्हणजे," काकू म्हणतात, "बशीचं नाव राहिलं, अन् बाईचं?" सर यावर गप्प बसतात. त्यांच्या घरात काकूंचा हा एकच प्रश्न असा, ज्याला पुरावा लागत नाही.

मागच्या विज्ञान दिनाला एका शाळेने सरांना बोलावलं. सर पेट्री डिशा घेऊन गेले. चार गट केले: न धुतलेले हात, नुसत्या पाण्याने धुतलेले, साबणाने, सॅनिटायझरने. प्रत्येकाने अगारवर बोटं टेकवली, सरांनी कडेने चिकटपट्टी लावली, बुडाला खूण केली आणि डबा घेऊन ओळखीच्या प्रयोगशाळेत गेले. सदतीस डिग्रीवर ठेवून प्लेटा परत आणल्या, बंदच. उघडायची कुणालाही परवानगी नव्हती, मुख्याध्यापकांनाही नाही. नंतर त्या १२१ डिग्रीवर ऑटोक्लेव्हमधून काढूनच फेकणार, हेही त्यांनी दोनदा बजावलं.

न धुतलेल्या हातांची प्लेट पाहून पोरं किंचाळली. सॅनिटायझरवाल्या प्लेटवर बरंच काही उरलं होतं, कारण ती पोरं खेळून आली होती. हातावर मैदानाची धूळ, त्यात आपल्या गावची कोळशाची बारीक पूड. सर खूश झाले. "युरोपात मळक्या हातांची परीक्षा घ्यायची तं गाईच्या रक्तातलं प्रथिन बाहेरून आणून घालावं लागते. आपल्याले काही आणावं लागत नाही. राजूर, निलजईचे कोळशाचे ट्रक दारावरून जातात!" हात मळके दिसत असतील तर सॅनिटायझर नव्हे, साबण-पाणी, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरांनी ते प्लेटवर दाखवलं.

मग अडचण आली. साबणाने हात धुतलेल्या एका मुलीच्या प्लेटवर न धुतलेल्यापेक्षा जास्त ठिपके होते. बाईंनी हळूच ती प्लेट बाजूला केली. "सर, ही राहू द्या ना. पाहुणे येणार हायत." सरांनी ती प्लेट उचलली आणि मधोमध ठेवली. म्हणाले, "ही सगळ्यात महत्त्वाची. साबणानं वरचे परके जंतू जातात. पण चोळल्यावर त्वचेच्या आतले, आपल्याच मुक्कामाचे, कधी कधी वर येतात. ते बहुतेक काही करत नाहीत. ठिपके जास्त म्हणजे हात घाण असं नव्हे. कोणते ठिपके ते बघा." ती मुलगी मघापासून रडवेली झाली होती. तिला त्यांनी पुढे बोलावलं आणि स्वतःचं भिंग तिच्या हातात दिलं. प्रदर्शनात तीच प्लेट तिने पाहुण्यांना समजावून सांगितली, सरांच्याच सुरात, टेबल वाजवत.

सरांच्या भिंगाची आम्ही खूप थट्टा केली. २०२१ नंतर ती थोडी कमी झाली. त्या वर्षी ३१ जानेवारीला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, पोलिओच्या डोसाऐवजी बारा लहान लेकरांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. लेकरं वाचली. पण एप्रिलमध्ये, टाळेबंदीत दारूची दुकानं बंद असताना, खुद्द वणीत काही माणसं सॅनिटायझर प्याली आणि सात जण गेले. त्या दिवसांत सर कुणाशी वाद घालत नव्हते. संध्याकाळी पानठेल्यावर उभे राहायचे, हातात रिकामी बाटली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बारीक अक्षरांवर बोट ठेवून सांगायचे: "बाहेरून लावायचं. पोटात नाही. यातलं आयसोप्रोपाइल दारू नव्हे, अन् मिथेनॉलची भेसळ असली तं डोळे जातात, जीव जाते." काही जण ऐकायचे, काही हसायचे. सर तोच मजकूर पुन्हा वाचून दाखवायचे. कंपनीने मुंगीएवढा छापलेला मजकूर वणीत मोठ्याने वाचणारा तेव्हा तो एकच माणूस होता.

अलीकडे मेडिकलवाल्याचा नोकर बिघडलाय. परवा एक ताई मोठी बाटली मागत होत्या. पोरगा त्यांच्या हाताकडे बघून म्हणाला, "ताई, हात मळले असतीन तं साबणच घ्या. पाच रुपयांचा बी चालते." मालकाने त्याला आत बोलावून जे काय ऐकवलं ते रस्त्यावर ऐकू आलं. मी मोठ्या आनंदाने सरांना हे सांगायला गेलो. म्हटलं, सर, तुमच्यामुळे आख्खी गल्ली आता साबणाने हात धुते.

सर बरणीच्या बुडावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्यामुळे? कशावरून?"

"दिसतंय ना सर."

"मी नसतो तं किती जणांनी धुतले असते? कंट्रोल कुठाय?"

माझ्याकडे कंट्रोल नव्हतं. सरांनी बरणी खाली ठेवली, खिशात वही आणि भिंग टाकलं, पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघाले?" काकूंनी आतून विचारलं.

"मागच्या गल्लीत. तिथे मला कोणी ओळखत नाही."

"जेवायची वेळ झाली, अहो!"

"तेच तं," सर फाटकातून म्हणाले. "हात धुतात की नाही, ते आत्ताच दिसते."